ओळखी आणि लांबचा प्रवास: कोण कोणाला ओढते?

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर नेमके कशाचे देत आहे हे दोघांनाही स्पष्ट राहील. प्रबंधासाठी आपण काहीशे लोकांच्या वर्षभरातील प्रवासाची माहिती गोळा केली. रोजच्या जाण्यायेण्याचा हिशेब अंतर, वेळ आणि भाडे या तिघांवर बऱ्यापैकी जुळतो, लांबच्या प्रवासाचा मात्र काही केल्या जुळत नाही. आणि ज्यांचे नातेवाईक व मित्र दूरदूर विखुरलेले आहेत ते लांबचे प्रवास अधिक करतात, असे तक्त्यात दिसते. तेव्हा ‘ओळखी प्रवास घडवतात’ असा निष्कर्ष लिहिता येईल का, आणि सर्वेक्षणाच्या पुढच्या फेरीत काय बदलावे, असे आपण विचारले आहे. प्रवासाची सर्वेक्षणे आखणे आणि त्यांच्या नोंदी तपासणे हे माझे वीस वर्षांपासूनचे काम आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

निष्कर्ष चुकीचा नाही, पण ‘घडवतात’ हे क्रियापद फार ऐसपैस आहे. दूरच्या माणसाची ओळख प्रवासाच्या निर्णयात वेगवेगळ्या जागी शिरते: कुठे जायचे, केव्हा जायचे, किती दिवस राहायचे, कोणाबरोबर जायचे, आणि प्रत्येक जागी तिचे वजन निराळे असते. माझ्या मते आपली खरी अडचण अशी आहे की आपण प्रत्येक प्रवासाची एक ओळ मांडली आहे आणि ओळखीला त्या ओळीतला एक रकाना केले आहे. लांबच्या प्रवासात बहुतेक वेळा नाते आधीपासून असते, ते वर्षानुवर्षे चालते, आणि एकेक प्रवास हा त्या नात्याचा एकेक हप्ता असतो. नुसते हप्ते मोजत बसण्यापेक्षा करारपत्र पाहिलेले बरे.

पहिली गोष्ट ‘लांबचा’ या शब्दाची. ब्रिटनच्या राष्ट्रीय प्रवास सर्वेक्षणात ५० मैलांपासून, म्हणजे सुमारे ८० किलोमीटरपासून पुढचा प्रवास लांबचा धरतात. अमेरिकेत १९९५ च्या प्रवास सर्वेक्षणाने १०० मैलांची मर्यादा घेतली होती आणि २००१ च्या घरगुती प्रवास सर्वेक्षणाने ती ५० मैलांवर आणली. यातील कोणतीही मर्यादा चूक नाही, मात्र तिच्यावर आपले उत्तर अवलंबून राहते. मर्यादा खाली आणली की दर आठवड्याला आईवडिलांकडे जाणारा माणूस ‘लांबचा प्रवासी’ ठरतो, आणि त्याचे वागणे रोजच्या प्रवाशासारखेच ठराविक असते. म्हणून मी अंतराबरोबर रात्रीच्या मुक्कामाची अटही तपासतो, आणि दोन्ही व्याख्यांनी आकडेमोड करून निष्कर्ष टिकतो का ते पाहतो. आपणही तेवढे करावेच.

आता अंतर आणि भाडे इथे अपुरे का पडतात ते पाहू. दोन गावांमधली ये-जा त्यांच्या लोकसंख्येच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढते आणि अंतराबरोबर घटते, हे गुरुत्वाकर्षणाच्या धर्तीचे सूत्र जॉर्ज झिप्फ यांनी १९४६ मध्ये मांडले. त्याआधी १९४० मध्ये सॅम्युअल स्टाउफर यांनी म्हटले होते की अंतर स्वतः अडवत नाही, वाटेत लागणाऱ्या इतर संधी माणसाला अडवतात. समूहाच्या पातळीवर दोन्ही विचार अजून कामाला येतात. पण या सूत्रांत लोकसंख्या ही बऱ्याच अंशी ओळखींची बदली आहे: मोठ्या शहरात माणसे अधिक, म्हणून तिथे कोणाचे ना कोणाचे कोणीतरी असण्याची शक्यता अधिक. एकट्या माणसाच्या बाबतीत ही बदली कोलमडते. जिथे त्याचे कोणीच नाही असे लाखो वस्तीचे शहर त्याच्या दृष्टीने नकाशावरचा ठिपका असते, आणि जिथे भाऊ राहतो ते आडवाटेचे गाव त्याच्या वर्षाच्या वेळापत्रकात दोनदा येते. आपले आकडे एकेका व्यक्तीचे असल्यामुळे ते न जुळणे अपेक्षितच होते.

याला आधार देणारे काम झालेले आहे. २०११ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील चो, मायर्स आणि लेस्कोवेक यांनी आपले ठिकाण मित्रांना कळवण्याच्या दोन सेवांवरील नोंदी आणि मोबाइल फोनची माहिती एकत्र तपासली. माणसांच्या एकूण हालचालींपैकी ५० ते ७० टक्के भाग ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी जाण्याच्या सवयीने उलगडतो आणि १० ते ३० टक्के भाग मैत्रीच्या संबंधांनी, असा त्यांचा अंदाज होता. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे पुढेच आहे: जवळच्या हालचालींवर मैत्रीचा प्रभाव फारसा दिसला नाही, लांबच्या प्रवासावर तो स्पष्टपणे अधिक दिसला. आपल्या तक्त्यातही तेच उमटले आहे. अर्थात स्वतःहून ठिकाण कळवणारे लोक सगळ्या समाजाचे प्रतिनिधी नसतात, तेव्हा ही टक्केवारी जशीच्या तशी आपल्या प्रबंधात उतरवू नये. दिशा मात्र घ्यायला हरकत नाही.

याउपर एक गुंता असा की आपल्याकडील प्रयोजनाचा रकानाच दिशाभूल करतो. एका सर्वेक्षणात एका गृहस्थांनी भरून दिलेली प्रवासाची वही माझ्या चांगली लक्षात आहे. प्रयोजन, कार्यालयीन बैठक. प्रस्थान, गुरुवारी सायंकाळी. बैठक शुक्रवारी अकरा ते एक. परतीचे तिकीट रविवार रात्रीचे. मुक्कामाच्या रकान्यात पहिल्या रात्री ‘हॉटेल’ आणि पुढच्या दोन्ही रात्री नुसते ‘घरी’. आमच्या नोंदणी करणाऱ्या मुलाने ‘घरी’ म्हणजे स्वतःच्या घरी असे समजून तो प्रवास शुक्रवारीच संपवून टाकला होता. तपासणीत तिकिटाची तारीख जुळेना, म्हणून मी फोन केला, तेव्हा कळले की ते घर थोरल्या बहिणीचे. बैठक फोनवरही उरकली असती, असे ते स्वतःच म्हणाले; पण बहिणीला भेटून दीड वर्ष झाले होते, म्हणून बैठक समोरासमोर घ्यावी असा आग्रह त्यांनीच धरला होता. कागदावर हा प्रवास कामाचा आहे, खर्चही कार्यालयाचा आहे, आणि तरीही बहीण त्या शहरात नसती तर तो झालाच नसता.

असे प्रवास अपवादाने सापडत नाहीत. याउलट नातेवाइकांकडे जातो असे लिहून तीन दिवस डोंगर चढणारेही भेटतात. जागतिक पर्यटन संघटनेच्या आकडेवारीतही २०१९ मधील आंतरराष्ट्रीय पर्यटकांपैकी सुमारे २८ टक्के ज्या गटात मोडतात, त्यात मित्र-नातेवाइकांच्या भेटी, उपचार आणि धार्मिक प्रवास एकत्र घातलेले आहेत. एका प्रवासाला एकच प्रयोजन असते हे गृहीतक नोंदी ठेवणाऱ्यांच्या सोयीचे आहे, प्रवास करणाऱ्यांचे नव्हे. म्हणून मी आता प्रयोजन विचारल्यावर आणखी एक प्रश्न ठेवतो: ‘या ठिकाणी आपल्या ओळखीचे कोणीच नसते, तर आपण हा प्रवास केला असता का, आणि इतकेच दिवस राहिला असता का?’ उत्तर काटेकोर नसते, कारण न घडलेल्या गोष्टीबद्दल माणसे अंदाजानेच बोलतात; पण प्रयोजनाच्या रकान्यापेक्षा ते खूप अधिक सांगते.

ओळखीचे सर्वांत ठळक वजन मला वेळेच्या बाबतीत दिसते. सहलीला निघालेला माणूस भाडे वाढले तर पंधरा दिवसांनी जातो किंवा दुसरीकडे जातो. लग्न, बारसे, आजारपण, अंत्यविधी यांची तारीख मात्र पाहुणा ठरवत नाही. त्या दिवशी तिथे असण्यालाच अर्थ असतो आणि नंतर जाऊन ती कसर भरून निघत नाही. बोडेन आणि मोलोच या समाजशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये याला सान्निध्याची सक्ती अशा अर्थाचे नाव दिले. अशा प्रवासाला भाड्यातील चढउताराचा परिणाम फार थोडा जाणवतो, आणि भाड्यावर आधारलेले आपले गणित नेमके याच ओळींवर अडले असणार. आपल्या तक्त्यात असे प्रसंगाचे प्रवास वेगळे काढून उरलेल्यांवर तेच गणित पुन्हा करून पाहा. बरेचसे जुळू लागेल असा माझा कयास आहे.

मुक्कामाचे थोडक्यात सांगतो. राहण्याचा खर्च वाचल्याने लोक अधिक दिवस राहतात हे खरे आहे, पण पाहुणचार फुकट नसतो. त्याची परतफेड भेटवस्तूंनी, कधी घरकामात हात लावून, आणि बहुधा पुढच्या वर्षी आपले दार उघडे ठेवून होते. म्हणून एका दिशेचा प्रवास काही काळाने उलट दिशेचा प्रवास जन्माला घालतो, आणि हे फक्त नात्याच्या पातळीवर नोंद ठेवली तरच दिसते.

ठिकाणाच्या बाबतीत ओळखीचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात. मार्क ग्रॅनोव्हेटर यांचे १९७३ चे ‘दुबळ्या संबंधांचे बळ’ हे सूत्र आपण वाचले असेलच; नवी माहिती जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या लोकांकडून येते, कारण ते आपल्या वर्तुळाबाहेर वावरतात. प्रवासावर हे सूत्र सरसकट लावलेले मी पाहिले आहे, आणि मला ते पटत नाही. माझ्या नोंदींत तोंडओळखीचा माणूस एखाद्या जागेचे नाव कानावर घालतो, कुठे उतरावे ते सांगतो, तिथे आधी कोणीतरी सुखरूप जाऊन आले आहे एवढा धीर देतो. त्याच्यासाठी म्हणून कोणी पदरमोड करून निघत नाही. फार तर तिथे गेलेच असताना वाट वाकडी करून भेटतात. निघायला भाग पाडणारी ओळख घट्ट लागते. तेव्हा ‘एकूण ओळखी किती’ हा आकडा घेऊन गणित मांडले तर दोन निराळ्या क्रिया एकमेकींत मिसळतात.

फोन आणि व्हिडिओ कॉलमुळे प्रवास घटतो का, हेही आपण ओझरते विचारले आहे. टोरांटोतील ईस्ट यॉर्क भागात १९७८ मध्ये आणि पुन्हा २००५ मध्ये गोळा केलेल्या माहितीची तुलना करून मॉक, वेलमन आणि कॅरास्को यांनी २०१० मध्ये दाखवले की प्रत्यक्ष भेटींवर अंतराचा पगडा तसाच राहिला होता. समोरासमोरच्या भेटी मुख्यतः पाच मैलांच्या आत घडत होत्या, तर शंभर मैलांच्या परिसरात फोन किती वेळा करायचा यावर अंतराचा फारसा परिणाम नव्हता. जवळच्या माणसांना भेटण्याचे प्रमाण त्या काळात जवळपास बदललेच नाही, फोन थोडे वाढले. माझा अनुभवही असाच आहे. रोजच्या बोलण्याने दूरचे नाते विझत नाही, आणि विझले नाही म्हणून पुढच्या प्रसंगाला आमंत्रण येते. कामाच्या बैठकांचे तसे नाही. तिथे पडद्यावरच्या भेटीने खरोखर प्रवास वाचतो, आणि त्याबरोबर वर सांगितलेल्या गृहस्थांसारख्यांची बहिणीकडे जाण्याची सबबही जाते.

आता कार्यकारणभाव, जिथे परीक्षक आपल्याला हटकून अडवतील. ओळखी आणि प्रवास यांचा सहसंबंध निदान चार मार्गांनी तयार होऊ शकतो. दूरच्या ओळखींमुळे लोक प्रवास करतात हा एक. प्रवास केल्यामुळे दूरच्या ओळखी होतात हा दुसरा. तिसरा असा की शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी गाव सोडलेल्या माणसाच्या ओळखीही विखुरतात आणि त्याला प्रवासाची ऐपत व सवयही येते, म्हणजे दोन्हींचे मूळ एकच असते. शिवाय प्रवासाची आवड असलेली माणसे एकमेकांचे मित्र होतात, तेव्हा मित्रांचे वागणे सारखे दिसले म्हणून एकाने दुसऱ्याला वळवले असे ठरत नाही. एका गटातील माणसे एकमेकांवर परिणाम करतात की मुळातच सारखी असतात, हे नुसत्या एका वेळच्या माहितीवरून ओळखता येत नाही, हे चार्ल्स मॅन्स्की यांनी १९९३ मध्ये गणिताने दाखवून दिले. आपली माहिती एका वेळची आहे.

त्यात एक पाचवा मार्गही आहे, आणि तो आपल्याच प्रश्नावलीतून आलेला असू शकतो. आपण प्रवास आधी विचारले की ओळखी आधी? वर्षभराचे प्रवास आठवून झाल्यावर ‘दूर राहणारी आपली जवळची माणसे कोण’ असे विचारले, तर ज्यांच्याकडे नुकतेच जाऊन आलो त्यांचीच नावे ओठांवर येतात. ज्यांच्याकडे तीन वर्षांत पाऊल पडले नाही ती मावशी यादीत येतच नाही. अशा वेळी सहसंबंध निर्माण करणारी आपली विचारण्याची रीतच असते. एका पाहणीत ही चूक मी स्वतः केली होती आणि अहवाल देऊन झाल्यावर ती माझ्या लक्षात आली. त्यानंतर मी दोन्ही भाग वेगवेगळ्या दिवशी घेतो, आणि ओळखींचा भाग नेहमी आधी.

कारण सिद्ध करायचे असेल, तर ज्यात प्रवाशाचा स्वतःचा हात नाही असा बदल शोधावा लागतो. सर्वांत सोपा बदल म्हणजे जवळच्या माणसाचे बिऱ्हाड हलणे. मित्राची बदली झाली, मुलगी शिकायला दुसरीकडे गेली, आईवडील धाकट्या भावाकडे राहायला गेले. त्या तारखेच्या आधी आणि नंतर आपल्या माणसाचे प्रवास कसे बदलले? नवे ठिकाण आधी कधीच नव्हते आणि आता दरवर्षी येते, तसेच जुने ठिकाण यादीतून गळाले, असे दोन्ही दिसले तर ओढ ठिकाणाची नव्हती, माणसाची होती, असे म्हणायला बळकट आधार मिळतो. यातले गळणे मला अधिक बोलके वाटते. निसर्गरम्य म्हणून वाखाणलेले गाव आजी वारल्यानंतर दोन वर्षांत यादीतून नाहीसे होते.

अप्रत्यक्ष पुरावाही कामी येतो. २०२० मध्ये कूक्लर, रसेल आणि स्ट्रोबेल यांनी फेसबुकवरील मैत्रीच्या आकडेवारीवरून दाखवले की अमेरिकेतील वेस्टचेस्टर आणि इटलीतील लोदी या सुरुवातीच्या करोनाकेंद्रांशी ज्या भागांचे मैत्रीचे धागे अधिक होते, तिथे मार्च अखेरीस बाधितांची संख्या अधिक होती. अंतर, उत्पन्न आणि लोकसंख्येची घनता हिशेबात धरल्यावरही. तिथे प्रवास मोजलेला नाही, पण ओळखीच्या वाटेने माणसे गेली असल्याची ती खूण मानता येते.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे, हेही सांगायला हवे. रजा मिळत नसेल, घरात अंथरुणाला खिळलेले कोणी असेल, व्हिसा मिळण्याची शाश्वती नसेल, तर कितीही घट्ट ओळख माणसाला हलवू शकत नाही. उत्पन्न कमी असलेल्या घरांत प्रसंगांचे प्रवास टिकतात आणि हौसेचे आधी बंद होतात, म्हणजे तिथे एकूण प्रवासात ओळखीचा वाटा मोठा दिसतो, पण तो आवडीचा नसून उरलेला असतो. आणि मोठा गोतावळा असलेला माणूस कमी प्रवास करतो असेही घडते, कारण सगळे त्याच्याकडे येतात. घरातील वडीलधाऱ्या माणसांचे वर्ष पाहा: त्यांनी उंबरा ओलांडलेला नसतो, आणि त्यांच्यामुळे सहा घरांतून माणसे निघालेली असतात. आपण फक्त बाहेर जाणारे प्रवास मोजले असतील, तर त्यांच्या ओळीत ओळखी भरपूर आणि प्रवास शून्य असे दिसेल आणि आपला निष्कर्ष उगाच दुबळा पडेल.

तेव्हा पुढच्या फेरीसाठी माझी सूचना अशी आहे. आधी व्यक्तीला तिची जवळची आणि मध्यम जवळिकीची माणसे आठवायला सांगा. प्रत्येकासाठी आद्याक्षर, नाते, राहण्याचे गाव आणि ते तिथे कधीपासून राहतात एवढेच घ्या, कारण त्या लोकांनी आपल्याला संमती दिलेली नाही आणि पूर्ण नावांची आपल्याला गरजही नाही. मग प्रत्येक नात्यामागे विचारा की गेल्या वर्षात आपण त्यांच्याकडे किती वेळा गेलात, ते आपल्याकडे किती वेळा आले, आणि तिसऱ्याच ठिकाणी किती वेळा भेटलात. हा तिसरा प्रश्न बहुतेक प्रश्नावल्यांत नसतो, आणि विखुरलेल्या मित्रमंडळींचे सगळे प्रवास त्यातच सापडतात. प्रवासांचा भाग दुसऱ्या दिवशी घ्या आणि बारीक तपशील शेवटच्या तीन महिन्यांपुरताच मागा. त्यामागचे लहान प्रवास लोक विसरतात आणि मोठे प्रवास तारखा सरकवून जवळ आणतात. न झालेले प्रवासही विचारा: आमंत्रण होते पण गेला नाहीत असे कधी घडले, आणि कशामुळे? एकाच कुटुंबातील चौघे मिळून गेले असतील, तर ते चार निर्णय न धरता एक धरा, नाहीतर लग्नाच्या एका प्रवासाने आकडे फुगतात.

विश्लेषणात ओळ नात्याची ठेवा आणि ती व्यक्तीखाली गुंफा, म्हणजे एकाच माणसाच्या वीस नात्यांपैकी कोणत्या नात्यांनी त्याला हलवले हे पाहता येईल. एकाच माणसाची नाती आपापसांत ताडून पाहिल्याने त्याची ऐपत, रजा आणि प्रवासाची आवड या तिन्ही गोष्टी आपोआप समान राहतात, आणि परीक्षकांचा निम्मा आक्षेप तिथेच संपतो.

हाती असलेल्या माहितीवर सध्या एवढेच लिहावे: ‘दूर राहणाऱ्या जवळच्या व्यक्तींची संख्या आणि लांबच्या प्रवासांची संख्या यांत सहसंबंध आढळला, त्याची दिशा या माहितीवरून ठरवता येत नाही.’ फेरी सुरू होईपर्यंत एक काम मात्र करण्यासारखे आहे. कामाचे म्हणून नोंदलेले सगळे प्रवास बाहेर काढा आणि त्यांतील काम संपल्याची तारीख व परतीची तारीख शेजारी शेजारी लावा. जिथे दोन्हींत एकापेक्षा अधिक रात्रींचे अंतर आहे, त्या लोकांना फोन करून त्या रात्री ते कोणाकडे राहिले एवढेच विचारा.